माय, भाभी आणि ट्रेनी

"ऊठ गा नत्थू! पानी थंडं होऊन राहिलं न् तू अजून लोळूनच राहिला?"

पियूष बॅग हातात धरून दारातच थांबला. रात्रभर बसने पुण्याहून आला होता. आवाज विशीतल्या मुलीचा होता. आणि ती ज्यांना एकेरीत उठवत होती ते त्याचे वडील होते, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले नत्थूजी.

"उठलो वं माय," आतून नत्थूजी म्हणाले आणि मुकाट्याने आंघोळीला गेले.

मुलगी बाहेर आली आणि पियूषला पाहून ओशाळली. ही खुशी. बाबांची काळजी घ्यायला ठेवलेली, घरातच राहणारी. पियूष तिच्याशी आजवर फक्त फोनवर बोलला होता.

"माफ करा सर. सकाळी त्यांना मी त्यांची आई वाटते. अहो-जाहो केलं तर ऐकतच नाहीत."

दिवाळीत अंगातलं मीठ कमी होऊन नत्थूजी बरळू लागले होते. मीठ भरून आलं की डोकं ताळ्यावर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मीठ भरून आलं, रिपोर्टही चांगले आले. तरी हा घोळ राहिलाच होता.

"लहानूकाका रोज पत्ते खेळायला येतात, त्यांना ओळखतात," खुशी म्हणाली. "दूधवाल्याला ओळखतात. फक्त मीच कोण, ते कळत नाही त्यांना."

पियूषलाही त्यांनी लगेच ओळखलं. "कधी आलास? प्रवास बरा झाला ना?" त्याच्याशी ते आता पुण्याची मराठी बोलत. कधीपासून, हे पियूषला आठवेना. तो स्वतः पुण्याच्या कॉलेजात गेला तेव्हा 'मले-तुले'वरून मुलं हसली होती आणि महिन्याभरात त्याने ते शब्द टाकून दिले होते. पुन्हा उचलायला गेला तर आता जीभ अडखळायची.

तो ठरवूनच आला होता. बाबा बरे असतील तर खुशीला कामावरून मोकळं करायचं, घराला कुलूप लावायचं आणि त्यांना पुण्याला न्यायचं. बरे नसतील तर मात्र त्यांची जागा बदलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्याने हे खुशीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"पुढच्या महिन्यात माझा नर्सच्या सरकारी भरतीचा पेपर आहे, सर. हे काम गेलं तर कन्हानला घरी परत जावं लागेल. घरच्यांनी स्थळ बघून ठेवलंय. तिथे गेले की पेपर विसरायचा." मग तीच घाईने म्हणाली, "पण ते बरे व्हावेत म्हणूनच तर मी आहे ना. तुम्ही बघा आणि ठरवा."

पियूष दिवसभर बघत राहिला.

जेवणाच्या वेळी खुशी वीज केंद्राच्या कॉलनीतली जुनी शेजारीण झाली, बिलासपूरची. डोक्यावर ओढणी, आवाजात लाडिक तक्रार. "भैय्याजी, आप भी ना! पहले आप खाइए."

"नहीं भाभी. हमारे घर में मेहमान पहले," म्हणत नत्थूजींनी स्वतःच्या हाताने तिला वाढलं, पोळीवर तूप घातलं आणि ती जेवायला लागल्यावरच घास घेतला.

जेवण झालं आणि खुशी वीज केंद्रातल्या ट्रेनीसारखी पाठ सरळ करून उभी राहिली. "साहेब, रीडिंग घेतलं. सगळं नॉर्मल आहे."

"गुड. बसा आता. पुस्तक काढा," नत्थूजी कडाडले. "चार वाजेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. चहाबिहा काही नाही. मी प्रश्न विचारणार आहे."

आणि खरंच त्यांनी चष्मा लावून तिच्या नर्सिंगच्या पुस्तकातून प्रश्न विचारले. प्रश्नातला दाब बॉयलरचा नाही, माणसाच्या रक्ताचा आहे, हे त्यांच्या लक्षातही आलेलं दिसलं नाही. एक उत्तर चुकलं तर केवढे रागावले! "पुन्हा वाचा! ट्रेनी आहात की पाहुण्या?"

पियूष हसला, पण त्याला आतून भरून आलं. आपल्याला आयुष्यात एकदाच बोली बदलता आली. ही मुलगी एका माणसासाठी दिवसातून तीनदा बदलते, आणि तिन्ही वेळा खरी वाटते. आवाज, मान, उभं राहणं, सगळं बदलतं. असं कोण शिकवतं?

निघण्यापूर्वी त्याने खुशीला समोर बोलावलं आणि वडिलांना सरळ विचारलं, "बाबा, ही कोण आहे? नीट बघून सांगा."

नत्थूजींनी चष्मा लावून खुशीला न्याहाळलं. तिने मान खाली घातली.

"ही होय?" ते म्हणाले. "नवीन ट्रेनी. हुशार आहे, पण वाचन कमी पडतं. तू उगाच तिचा वेळ घेऊ नकोस."

पियूषने बॅग उचलली. दारात तो खुशीला म्हणाला, "तू राहा. तुझ्याशिवाय त्यांना कोणी सांभाळू शकणार नाही. पेपरनंतर बघू पुढचं."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. खुशी पुन्हा पुस्तक घेऊन बसली, आणि दिवसभराचा ताण उतरल्यामुळे तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपी गेली. नत्थूजींनी उठून पंखा कमी केला. पुस्तक तिच्या हाताखालून अलगद काढलं आणि पानात खूण घालून ठेवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. "काय गा नत्थूजी, गेला काय पोरगा?" लहानूकाका पत्ते घेऊन मोठ्याने बोलतच आले.

नत्थूजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गा लहानू. खुशीचा आत्ताच डोळा लागला. पेपर हाय पोरीचा पुढच्या महिन्यात. ती पास झाली का मग मी बी बरा होतो."