वाचनाची वेळ

"वाचन अकराला," असं म्हणत आईनं फळ्यावर लिहूनही टाकलं.

बुटाची नाडी बांधता बांधता बाबा थांबले. बिट्टीला शाळेतून काढून आठवडा झाला होता आणि घरच्या अभ्यासाचं वेळापत्रक आज एकदाचं पक्कं करायचं होतं. काल तिघांनी बसून ठरवलं होतं ते वेगळंच होतं. गणित न्याहारीनंतर, चित्रं दुपारी आणि वाचन अगदी सकाळी, घर शांत असताना. बिट्टीनंच तसं मागितलं होतं.

"अकराला तुझ्याकडे लोक येतात," बाबा म्हणाले. "कुणासमोर वाचायला तिला नको वाटतं."

"येऊ देत. सवय व्हायला हवी."

बिट्टी पेन्सिलीचं टोक चावत बसली. बाबांना डेपोत वेळेवर पोचायचं होतं. तिच्या डोक्यावर हलकीशी टपली मारून ते निघाले. डॉक्टरांच्या कालच्या फोनबद्दल आईनं त्यांना काही सांगितलं नाही.

आई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती पुढच्या खोलीत बसून दात बसवायची, घासायची, चमकवायची. काल एक मोडलेली कवळी दुरुस्तीला आली होती. "मुख्याध्यापिका आहेत हो. उद्या दुपारी भाषण आहे त्यांचं. अकराला स्वतःच येतील न्यायला," डॉक्टर म्हणाले होते आणि शाळेचं नावही सांगितलं होतं. त्यानंतर आईला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

बाई आल्या त्या तोंडावर रुमाल धरूनच. दार कुणी उघडलं ते पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"या ना बाई, बसा," आई म्हणाली.

कवळी वाटीतल्या पाण्यात तयार होती. आईनं ती बाहेर काढली, खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"थोडं काम राहिलंय. आणि आता आमची वाचनाची वेळ झालीय. बिट्टी, पुस्तक घेऊन ये."

रुमालामागून बाई काहीतरी म्हणाल्या. 'उशीर' म्हणायचं असावं, पण त्यातला 'श' हिरड्यांमधून नुसता वारा होऊन निसटला.

"काय करणार, बाई. एका माणसासाठी वेळापत्रक मोडता येत नाही."

बाईंचे कान लाल झाले. वाक्य त्यांचंच होतं. बिट्टी एकेका शब्दाला अडते, तिच्या एका परिच्छेदात तास संपतो, एका मुलीसाठी वेळापत्रक मोडता येत नाही, असं त्यांनी आईला केबिनमध्ये बसवून ऐकवलं होतं. पुढे वर्षभर बिट्टीची वाचायची पाळी शेजारच्या मुलीला जात राहिली.

वाक्य बरोबर वर्मी लागलं होतं. आईच्या जिवाला अगदी थंडावा वाटला. ती बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली.

बिट्टीनं पुस्तक उघडलं. एका म्हाताऱ्या दीपगृहवाल्याची गोष्ट होती. पहिली ओळ तिनं कशीबशी ओढून नेली. दुसऱ्या ओळीत 'बेट' आलं.

"त्या बे... बे..."

"सावकाश वाच. बाईंना काही घाई नाहीये." आई पुस्तकाकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती.

"बे... बे..."

बाईंनी रुमाल खाली घेतला. ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली. हा चेहरा शाळेत कुणी पाहिला नव्हता. त्या पुन्हा काही बोलल्या. ते कवळीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, कळायला मार्ग नव्हता.

"काय म्हणालात? नीट बोला, बाई. काही कळलं नाही."

बिट्टीचं ओळीवर ठेवलेलं बोट तिथंच थांबलं. नीट बोल, काही कळलं नाही. वर्गात हे वाक्य कोणत्याही बाकावरून यायचं आणि मागोमाग हसू यायचं. तिनं मान वर केली. आई हसत होती.

बिट्टीनं पुस्तक मिटलं आणि ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सा... सावकाश बोला, बाई. मी ऐकतेय."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. आईनं मग वाटीतली कवळी काढली, कोरडी केली आणि त्यांच्या हातात दिली. बाईंनी भिंतीकडे तोंड करून ती बसवली. आता सगळी अक्षरं तोंडात होती. तरी जिना उतरून जाईपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

आईनं दार लावलं. "गेली एकदाची बया. हं, वाच आता निवांत."

बिट्टी पुस्तक छातीशी धरून उभीच होती.

"आई, तूपण जा ना जरा बाहेर."