पाठीवरची चेन

"आणि ही ती जगप्रसिद्ध चेन!" निवेदकाने स्टँडवरचा राक्षसाचा पोशाख पाठमोरा फिरवला आणि आधी स्वतःच हसून घेतलं. "आजी, आता तुम्ही कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचं, 'चुकलंच हो आमचं!'"

टाचणीबाईंनी हात मांडीवरून हलवला नाही. "आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणा."

चाळीस वर्षांपूर्वी त्या अंतराळ मालिकेचं सगळं शिवणकाम त्यांच्याकडे होतं. ओठांत कायम टाचण्या, म्हणून सेटवर पडलेलं हे नाव. मालिका अजून लोकांच्या तोंडी होती, आणि आता कंपनीने ती झाडूनपुसून पुन्हा विकायला काढली होती. सोबत जुन्या माणसांच्या मुलाखती. बाईंच्या वाट्याला आली ती चार भागांची फसलेली कथा, शेवाळग्रहाची. तिच्यात राक्षस पाठ फिरवून गुहेत शिरतो आणि मानेपासून कमरेपर्यंत पोशाखाची पितळी चेन चमकते. त्या चेनवर आजवर हजार विनोद झाले होते.

कथा टुकारच होती. लेखकाने गुंडाळलेली, दिग्दर्शकाने उरकलेली. त्याबद्दल बाईंना काडीचं दुःख नव्हतं. त्या आल्या होत्या फक्त चेनसाठी.

"चूक नव्हती ती," त्या म्हणाल्या. "आधी आतून बासष्ट हूक लावले होते मी. शिवण दिसायची नाही. आत सुतारखात्यातला उंट होता."

"उंट?"

"उंच होता म्हणून उंट. तो दुसऱ्या भागातला प्रसंग लावा."

निवेदकाने खूण केली. बाजूच्या टीव्हीवर राक्षस जमिनीवर हात आपटू लागला, लोळला, पुन्हा हात आपटले. निवेदक खिदळला. "जगातला सर्वांत वाईट अभिनय! आमच्याकडे याची स्पर्धा असते."

"तो अभिनय नाही. तो गुदमरला होता." बाईंचा आवाज चढला. "हात आपटून सांगत होता, काढा मला. आणि दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता, वा, वा म्हणत! कॅमेरा चालू ठेवला. मग आम्ही हूक काढायला बसलो, एकेक. माझी बोटं घामाने निसटत होती. शेवटी कात्री घातली. ओठ निळे पडलेले पोराचे. त्याच दुपारी मी सोफ्याची जाडी चेन आणून बसवली. बाहेरून. जवळ असेल त्याने एक हिसका द्यावा आणि माणूस बाहेर. दिग्दर्शकाला बजावलं होतं, याची पाठ दाखवू नका. त्याने दाखवली. नाव कुणाचं खराब झालं? माझं. आणि उंटाचं. मागच्या वर्षी उंट गेला. पेपरात काय आलं, माहितीये? 'चेनवाला राक्षस काळाच्या पडद्याआड.' लोकांनी फोनवर त्या बातमीखाली हसरे चेहरे टाकले. हे सगळं तुमच्या मुलाखतीत आलं पाहिजे. त्यासाठी दोन बस बदलून आलेय मी."

निवेदकाने घड्याळ पाहिलं. "बाई, खूप हृदयस्पर्शी आहे हे. पण भाग विनोदी आहे ना आपला. एवढं नाही बसणार. कापावं लागेल."

बाईंनी त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं, माप घेताना पाहायच्या तसं. मग गोड हसल्या.

"बरं. विनोदी तर विनोदी. तुम्हीच घाला की हा पोशाख. लोकांना आवडेल. तुमच्या मापाचाच आहे."

निवेदकाला कल्पना फारच आवडली. रेक्झिन, आत गादीचा कापूस, हातांना गोणपाटाचे जाड पंजे. बाईंनी मुंडकं बसवलं आणि चेन झर्रकन वर ओढली. कॅमेरावाल्याला विचारलं, "चालू आहे ना?" त्याने मान डोलावली.

राक्षसाने दिव्यांच्या उजेडात दोन उड्या मारल्या, डरकाळी फोडली. मग थांबला. आतून दबका आवाज आला, "गरम होतंय हो." मग, "बास झालं, काढा." मग पंजे पाठीकडे वळू लागले. पोचेनात. तो गुडघ्यांवर बसला आणि जमिनीवर हात आपटू लागला.

कॅमेरावाला हसला. त्याची नजर टीव्हीकडे गेली. तिथे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लागत होता, उंट तसाच हात आपटत होता. त्याचं हसणं तोंडातच राहिलं.

"बाई! चेन! चेन कुठाय?" निवेदक आतून ओरडला.

"पाठीवर. अख्ख्या जगाला दिसते, तुम्हालाच दिसेना होय?"

आणि बाईंनी वाकून एकच हिसका दिला. निवेदक घामाने निथळत, धापा टाकत बाहेर पडला. केस कपाळाला चिकटलेले.

"किती वेळ झाला?" बाईंनी कॅमेरावाल्याला विचारलं.

"चाळीस सेकंद."

"उंट नऊ मिनिटं होता." त्यांनी पिशवी खांद्याला लावली, राक्षसाची चेन पुन्हा वर ओढून नीट केली आणि निवेदकाकडे वळल्या. "हं. आता हसा."