समेटाची पंगत
“कावून उन्हात बसिवलं, आई? घास उतरंना,” थोरला भागवत कुरकुरला. धाकटा अंकुश डोक्यावर टॉवेल टाकून गपचूप जेवत होता.

शेतात जेवायच्या वेळ अमावास्येच्या सणाला दोन्ही घरं एका पंगतीला बसायला अठरा वर्षं लागली होती. बांधावरची चिंच कुणाची, यावरून भावाभावांत दावा होता, आणि निकाल लागेस्तोवर तिची फांदीसुद्धा तोडायची नाही, असा कोर्टाचा मनाईहुकूम. तेवढी वर्षं दोघं त्याच चिंचेखाली, एकमेकांकडं पाठ करून आंबील प्यायचे. समेटासाठी त्यांच्या आईनं, केशरबाईनं, कपिलधारला नवस बोलला, तो यंदा फळला. तडजोडीवर सह्या झाल्या आणि आठवड्यात चिंच तोडून पोरांनी लाकूड निम्मं निम्मं वाटून घेतलं.

“सगळे एका जागी, लई बरं वाटतंय,” पालेभाज्यांची भज्जी वाढता वाढता थोरली सून तिसऱ्यांदा म्हणाली. पंगतीच्या मधल्या, चिंचेच्या बुडख्याकडं मात्र कुणीच बघत नव्हतं.

केशरबाईनं त्या बुडख्यावरून हात फिरवला. उन्हानं तो तापला होता.

“भांडत हुता तवाच बरं हुतं रं, लेकरांनो.”