पोटातली हाक

भानुदासबुवांच्या पोटावरची पट्टी आज गप्प होती. एरवी यकृताच्या पेशी एकमेकींना धाडत ते निरोप तिच्यातून मोठ्याने ऐकू येत. आजारी पेशी कण्हली, की शेजारणी उत्तर देत आणि डागडुजीला लागत.

इंदुताईंनी नवऱ्याचे पिवळे डोळे पाहिले. "डॉक्टर, आजार गेला म्हणून ही गप्प आहे, की तुम्ही पेशींची तोंडं बांधलीत?"

"निरोप थांबवणारं औषध चालू आहे," डॉक्टर चाचरले. "बुवांनीच मागितलं."

"मागितलं म्हणून विषही द्याल?"

"पट्टी काढायची नाही, आणि भर कीर्तनात पोट रडतं गं," बुवा पुटपुटले. "लोक हसतात."

आता इंदुताईंचा संताप बुवांकडे वळला. "हाकेला धावणाऱ्या देवाची कथा जन्मभर सांगता आणि स्वतःच्या पोटातली हाक दाबता? मागचे झील धरणारे गप्प बसले, तर तुमचं कीर्तन किती वेळ चालेल?"

बुवांनी डॉक्टरांना औषध थांबवायची खूण केली. डॉक्टरांनी सलाईनमधलं औषध बंद केलं. बऱ्याच वेळाने पट्टीतून एका पेशीचं क्षीण कण्हणं आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरीचं उत्तर.

"आणि उद्याचं कीर्तन?" बुवांनी हळूच विचारलं.

"होईल की. मी झांजा घेऊन मागे उभी राहते. कोण हसतं ते बघतेच."