चुंबक चिकटायला नको

संग्रहालयानं पाठवलेल्या पारख्यानं खिशातून लोहचुंबक काढला, गाडीच्या दारावर टेकवला आणि सोडून दिला. तो सरळ घसरला आणि फरशीवर टणकन आपटला.

"पडला!" धाकटी लेक ठिणगी ओरडली.

"पडायलाच हवा," पारखी हसला. "अस्सल असेल तर अ‍ॅल्युमिनियम असणार. चिकटला, की समजायचं साध्या गाडीला सोंग चढवलंय."

गॅरेजच्या दारात आई खुर्ची टाकून बसली होती, मुठी आवळून. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हा काका चारचौघांत म्हणाला होता, "भावानं जन्मभर एकच मोठी थाप मारली, ती गॅरेजात उभी आहे." तेव्हापासून आईनं एकच ध्यास घेतलेला. गाडी खरी ठरली तर संग्रहालयात उभी राहणार होती, बाबांच्या नावाची पाटी लावून. माणूस खोटारडा नव्हता, एवढं लोकांना कळू दे. बास.

गाडी दिसायला किरकोळच. शर्यतीत उतरायचं तर आधी तशाच थोड्या गाड्या लोकांना विकून दाखवा, असा नियम होता, म्हणून कंपनीनं मोजक्याच बनवलेल्या. वजन वाचवायला रेडिओ काढला, गालिचा काढला, आतून दार उघडायला नुसता एक पट्टा. पत्रा तर इतका पातळ, की दादा कोपर टेकून उभा राहिला तरी बाबा ओरडायचे, "अरे ढोल्या, पोचा येईल!"

दादाचा जीव होता या गाडीवर. तेव्हा ती पिवळीधमक होती.

मग एका सकाळी दादाला घराखालच्या वळणावर कुठल्याशा गाडीनं सायकलसकट उडवलं. थांबलीसुद्धा नाही. दादा जागीच गेला. कोण होता, शेवटपर्यंत सापडलं नाही. बाबा त्याच सकाळी ही गाडी घेऊन परगावी निघाले होते. निरोप मिळताच बस पकडून परत आले. गाडी तिथंच सोडली, चालवायचं सुधरेना म्हणाले. नंतर गाडी घरी आणली ती करडी रंगवूनच. "तो पिवळा आता बघवत नाही मला."

परत कधी बाहेर काढली नाही. पुढच्या डाव्या चाकापाशी स्टूल टाकून बसायचे, फडक्यानं पत्रा पुसत. ठिणगीनं हाक मारली तरी मान वर करायचे नाहीत. ते स्टूल अजून तिथंच होतं.

चुंबक टपावरून पडला. उजव्या दारावरून पडला, डिकीवरून पडला. पारख्यानं दाराच्या आतल्या कडेला करडा रंग जरासा खरवडला. खाली पिवळा. "मूळ रंग आहे. छान."

"द्या इकडं!" ठिणगीनं चुंबक हिसकावलाच. "उद्या काकाच्या टकलावर ठेवते. तिथं चिकटेल, बघा तुम्ही."

"अगं ए, जरा दमानं!" आई म्हणाली, पण कितीतरी महिन्यांनी हसली.

ठिणगी चुंबक टेकवत, खाली झेलत गाडीभोवती नाचतच निघाली. बॉनेट. पडला. उजव्या चाकावरचा पत्रा. पडला. पायानं स्टूल बाजूला सारून डाव्या चाकाशी आली.

टक्क.

तिनं हात काढला. चुंबक तिथंच.

पारखी वाकला. चाकावरचा पत्रा कडेला खरवडला, परत खरवडला. "एवढाच भाग लोखंडी आहे," तो हळूच म्हणाला. "आणि खाली पिवळा नाहीच. म्हणजे करडा रंग देतानाच बसवलाय. कशावर तरी आदळली असणार तेव्हा. घाबरू नकोस, तेवढ्यानं गाडी नकली ठरत नाही."

ठिणगी स्टुलाकडं बघत राहिली.

"थांबलीस का गं?" दारातून आईचा आवाज आला. "काय निघालं? खोटं बोलायचे का ते?"

ठिणगीनं चुंबक उपटला आणि मुठीत घट्ट दाबून धरला.

"नाही आई. गाडी खरी आहे."