हात बसेपर्यंत

सासूबाईंनी नर्स म्हणून तीस वर्षं गावभर सुया टोचल्या, पण मधुमेहापायी स्वतःला इन्सुलिन टोचायची वेळ आली तेव्हा हात लटपटला. "काय सिस्टर, तुम्हीच घाबरता?" म्हणत मुलगा हसला, मग घरदार हसलं. तेव्हापासून त्या दार लावून घ्यायच्या आणि "घेतलं" म्हणत बाहेर यायच्या.

इन्सुलिनची बाटली भरलेलीच आहे, हे सुनेला दिसलं. ती कुणापाशी बोलली नाही. "आई, मला टोचायला शिकवा ना," एवढंच म्हणाली.

मग काय, सासूबाईंमधली सिस्टर जागी झाली. सरावाला पोट त्यांचंच. "चिमटी नीट धर. मनगट सैल सोड. कसं व्हायचं गं तुझं?" सूनही रोज न चुकता एखादी चूक करायची.

तीन महिन्यांत साखर आटोक्यात आली. डॉक्टरांनी शाबासकी दिली, तशा सासूबाई म्हणाल्या, "हिला शिकवतेय ना. अजून हात बसत नाही हिचा."

दवाखान्याचा जिना उतरताना त्यांनी सुनेचा दंड धरला आणि आवाज खाली आणला.

"काल एकही चूक केली नाहीस तू. जरा सांभाळ. घरात कळलं तर माझी शिकवणी बंद पडेल."