एकवीस दिवसांचं कातडं

"पायाचं काय ते करा डॉक्टर, पण सुट्टी झाली का पोरगी थेट फुलसावंगीले नेईन," सदाशिवराव म्हणाले.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात डॉ. राठोडांच्या केबिनमध्ये चौघं बसली होती. सदाशिवराव आणि लीलाबाई म्हणजे खुशीचे आजी-आजोबा, तिच्या वारलेल्या आईचे आईवडील. शेजारी खुशीचा बाप अमर आणि त्याची दुसरी बायको सुरभी. सहा वर्षांची खुशी वॉर्डात होती. आंघोळीच्या कढत पाण्याचं पातेलं उलटून तिची उजवी पोटरी भाजली होती. सुरभी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. सदाशिवरावांच्या लेखी एवढा गुन्हा पुरे होता.

"सावत्र ते सावत्रच," ते म्हणाले.

सुरभीनं मान खाली घातली. अमर खिडकीबाहेर पाहत राहिला. हा गडी पांढरकवड्याहून हैदराबादपर्यंत ट्रक नेई, पण सासऱ्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"जखम खोल आहे. तिच्यावर कातडं लावावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"माझं घ्या," सुरभी पटकन बोलून गेली.

"ताई, दुसऱ्याचं कातडं अंगावर टिकत नाही. जन्म दिलेल्या आईचंही नाही. पंधरा-वीस दिवस जखम झाकून ठेवतं आणि गळून पडतं. कायमचं हवं तर ज्याचं त्यालाच लागतं."

इतका वेळ गप्प बसलेल्या लीलाबाई आता बोलल्या. "मंग तिचंच लावा. एकवीस दिवस पाहू. टिकलं तर पोरगी तिची, गळलं तर आमची. समजू तरी द्या, किती मायेचं हाय ते."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात सदाशिवरावांनी टेबलावर हात आपटला. माणूस तापट, कोणाचं ऐकून घेणारा नव्हे, पण दिलेला शब्द त्यानं कधी फिरवला नव्हता. इथे तर निकाल खुद्द डॉक्टरांनीच आधी सांगून टाकला होता.

"मंजूर! टिकलं तर पोरीचं नाव काढणार नाही. आपला शब्द."

सुरभीला रडू कोसळलं. लग्न होऊन आली त्या दिवशी तीन वर्षांची खुशी तिच्या कडेवर चढून बसली होती. तिच्याविना घरात कसं राहायचं, हे तिला सुचेना. ती डोळे पुसत बाहेर पडली, मागोमाग दोघं पुरुषही. लीलाबाई मात्र अर्धा तास केबिनमध्येच होत्या. म्हातारी तक्रार करायला थांबली असणार, असं वॉर्डानं ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. खुशीपाठोपाठ सुरभीलाही आत नेलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा खुशीची पोटरी पट्ट्यांत होती आणि सुरभीच्या मांडीला जाडजूड पट्टी होती. खुशीच्या डाव्या मांडीलाही पट्टी दिसली, तेव्हा सदाशिवरावांनी विचारलं.

"तिथंही जखम आहे," सिस्टर प्रियंका म्हणाल्या आणि सलाईन बदलायला गेल्या.

या पैजेची बातमी अख्ख्या मजल्यावर पसरली. मळणी यंत्रात हात सापडलेला शंकरसिंग शेजारच्या खाटेवर होता. त्यानं तर दिवस मोजायलाच घेतले. कोणी म्हणे दहाव्या दिवशी काळं पडेल, कोणी म्हणे पंधराव्या. जो तो येता-जाता डोकावून जाई.

"कातडं काढलं का लई आग होते म्हणतात," शंकरसिंगची बायको एकदा सुरभीला म्हणाली. "तू तं हूं का चूं करत नाईस, बाई."

"सहन होते, काकू," सुरभी म्हणाली आणि लंगडत पाणी भरायला गेली.

लीलाबाईंचा मात्र साऱ्या वॉर्डाला राग होता. पट्टी बदलताना त्या मान लांब करून उभ्या राहत. "कड सुटून राह्यली का? रंग काहून असा दिसून राह्यला?" त्यांचे प्रश्न संपत नसत. ड्रेसिंगच्या वेळी खुशी "मम्मी, मम्मी" करत सुरभीला बिलगे, तेव्हा त्या टक लावून पाहत बसत. रोज संध्याकाळी फुलसावंगीहून सदाशिवरावांचा फोन येई.

"गळलं का?"

"अजून तं हाय," लीलाबाई सांगत.

पंधरावा दिवस गेला, विसावाही गेला. एकविसाव्या दिवशी सदाशिवराव सकाळीच येऊन हजर झाले. ड्रेसिंगच्या खोलीत डॉक्टरांनी हळूहळू पट्टी उलगडली. पोटरीवर गुलाबी कातडं घट्ट बसलं होतं.

सदाशिवराव वाकून पाहत राहिले. "असं कसं झालं, डॉक्टर? तुमीच तं म्हणले होते, टिकत नाई."

"कातडं पक्कं धरलं आहे, बाबा. आता गळत नाही. हवं तर लिहून देतो."

लेक गेल्यापासून ही नातच सदाशिवरावांचा जीव होती. तिला सोडून घरी जायचं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी सुरभीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, चुकलो मी. तुही लेक तुह्यापाशीच राहू दे. सुट्टीत फक्त आमच्याकडे पाठवत जाय."

खुशीचा मुका घेऊन ते निघाले. त्यांना स्टँडवर सोडायला अमर उठला.

"तुमी बसून घ्या फुलसावंगीच्या गाडीत," लीलाबाई म्हणाल्या. "मी राहतो अजून दोन दिवस लेकराजवळ."

पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, तसं डॉक्टरांनी खोलीचं दार लोटलं आणि सुरभीच्या मांडीवरच्या पट्टीला कात्री लावली.

"आजी, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. खुशीच्याच मांडीचं कातडं तिला लावलं. आता या धडधाकट पायाची तरी सुटका करू?"

"थांबा जरासे," लीलाबाई खिडकीशी जात म्हणाल्या, "त्यायची एसटी सुटू द्या आधी."